गोटूची माय

॥ श्री ॥
पहूर, ता. ६ मे १९९०

सौ. मंदाबाईस शालिग्रामचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पोहोचल्याचं पत्र काल दुपारी मिळालं. विमानातल्या जेवणावर तू अख्खं पान खर्च केलंस आणि पोरांवर एकच ओळ, की पोरं बरी आहेत. दीपनगरच्या वीजघरात असताना माझ्या हाताखालचा माणूस 'मशीन बरं आहे' एवढंच सांगून गेला असता, तर मी त्याला दारातून परत बोलावलं असतं. गोटू जेवतो का? चिमीचा खोकला गेला का? विमानतळावर लताला पाहून पोरं तिच्याकडे गेली, की तुझ्या पदराआड लपली? सगळं नीट लिही.

इकडे ऊन मी म्हणतंय. केळीबागेत खारींनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्या आहेत, त्या जोडत बसतो. गोटू असता तर प्रत्येक नळीला तोंड लावून पाणी आलं का ते बघत हिंडला असता. शेजारच्या कुंदाबाई दोन्ही वेळा भाकरी पाठवतात. त्यांचं भरीत तुझ्यापेक्षा सरस होतं. असं लिहिलं की तू लवकर येशील, म्हणून मुद्दाम लिहितोय.

गावात जो तो विचारतो, पोरं कधी येणार. मी सांगतो की येणार नाहीत, ज्यांची त्यांना पोहोचवली. लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी काहीतरी लपवतोय. आपल्या लेकीचं, लताचं, बाळंतपणानंतरचं ते दुखणं आणि रुपचंदरावांचं तिकडचं अर्धवट शिक्षण, म्हणून ही जुळी रांगतसुद्धा नव्हती तेव्हा आपल्या ओटीत आली. तेव्हाच ठरलं होतं की त्यांचं बस्तान बसलं की नेऊन द्यायची. जावईही किती चांगले, दर महिन्याला फोटो मागवायचे. ठरल्याप्रमाणे सगळं झालं. मग मला काहीतरी चुकल्यासारखं का होतंय, ते समजत नाही. तुला समजलं तर कळव.

पोरांच्या गालांवरून माझा हात फिरव. लोभ आहेच, तिकडच्या फ्रीजमध्ये ठेवून गार करू नको.

शालिग्राम


॥ श्री ॥
लॉस एंजेलिसजवळ, ता. २० मे १९९०

लताच्या नानांस मंदाचा सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमचं नाव लताने घातलंय. मी अजून घेतलेलं नाही, अमेरिकेत आले म्हणून काय झालं!

तुम्ही विचारलंत ते सगळं सांगते. चिमीचा खोकला गेला. ती बापाच्या खांद्यावर बसून घरभर फिरते, तिला काही अवघड वाटत नाही. गोटूचं तसं नाही. तो मला 'माय' म्हणतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. लता समोर असली की मी त्याला हळूच सांगते की अरे, माय ही, मी आजी. तो माझ्याकडे बघून हसतो. त्याला वाटतं मी थट्टा करते.

लता त्याला कागदोपत्री असलेल्या नावाने हाक मारते, निनाद. तो वळूनसुद्धा बघत नाही. तिला वाटलं पोराच्या कानात दोष आहे, डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. मी म्हटलं की बाई, एकदा 'गोटू' म्हणून तर बघ. तिने म्हटलं. तो धावत आला, पण आला माझ्याकडे.  लता आत जाऊन भांडी घासायला लागली. इथे भांडी यंत्र घासतं.

आता रुपचंदरावांनी एका मोठ्या बागेला जायचा बेत काढलाय. मी विचारलं की तिथे देव कोणता. म्हणाले, देव नाही. मग बाजार भरतो का, तर तसंही नाही. मग आहे काय? म्हणाले की सिमेंटचा डोंगर आहे, आगगाडी आहे आणि कपड्यांचं अस्वल आहे. मग एवढ्या लांब जायचं कशाला, असं मी विचारलं तर ते हसले. लता हसली नाही. तिच्या ऑफिसातल्या बायका सांगतात म्हणे, की तिथे पोर ज्याच्या बोटाला धरून जातं, त्याला ते जन्मभर विसरत नाही.

तिने चौघांना सारखे पिवळे बनियन आणलेत. मला नाही आणला. म्हणाली की आई, तू लुगड्यावर काय घालणार. खरंच आहे ते. तरी मी बराच वेळ त्या चार घड्यांकडे बघत बसले. का, ते विचारू नका.

कुंदाबाईंच्या भरतात लसूण जास्त असतो, पोट सांभाळा. माया आहे तशीच राहू द्या.

मंदा


॥ श्री ॥
लॉस एंजेलिसजवळ, ता. ३ जून १९९०

लताच्या नानांस मंदाचा सा. न. वि. वि.

गोटू सुखरूप आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची छाती धडधडायला नको.

मोठ्या बागेहून येऊन आठवडा होत आला, पण काय पाहिलं ते माझं मलाच उमगत नाही. सांगते तसं वाचा, मागेपुढे झालं तर जुळवून घ्या. गर्दी आमच्या शिरपूरच्या बालाजीच्या रथाला असते तेवढी, पण कोणी कोणाला धक्का देत नाही. दोऱ्या बांधून माणसांना नागमोडी उभं करतात. उभं राहून राहून पाय सुजले की आत घेतात. आत ती आगगाडी. ती सिमेंटच्या डोंगरात शिरते, काळोख होतो, मोठमोठी माणसं किंचाळतात, आणि बाहेर आलं की जिथे चढलो तिथेच उतरतो. मी लताला विचारलं की आपण कुठे आलो. ती म्हणाली की कुठेच नाही, आई. गोटू रडून रडून निळा पडला होता. चिमी बापाच्या मांडीवर टाळ्या पिटत पुन्हा, पुन्हा म्हणत होती.

मग अस्वल आलं. माणसाएवढं उंच, लाल कोट घातलेलं. आत माणूसच होता, जबड्यातून त्याचे डोळे दिसत होते. चिमी त्याच्या पायाला बिलगली, गोटू माझ्या लुगड्यात शिरला. रुपचंदराव पुढच्या रांगेत उभे होते, लता पोरांसाठी दूध गरम करून आणायला गेली होती. अस्वलाने चिमीला उचललं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मलाही कवेत घेतलं. फोटोसाठी! परका पुरुष, सगळ्यांच्या देखत. मी पदर सावरायला गोटूचा हात सोडला. खाली पाहिलं तर गोटू नव्हता.

लता दूध घेऊन आली. तिने विचारलं की निनाद कुठे आहे. मी म्हटलं, इथेच होता. तिच्या हातातलं दूध सांडलं ते तिला कळलंसुद्धा नाही. ती 'निनाद, निनाद' करत एकीकडे धावली, मी 'गोटू, गोटू' करत दुसरीकडे. पोर एक आणि हाका दोन. तिथल्या लोकांनी भोंग्यावर पुकारलं, तेही निनादच, आणि त्यांच्या तोंडून ते असं काही निघत होतं की मलाही ओळखू येईना. माझं तर डोकंच चालेना. अस्वलालासुद्धा विचारलं मी, अहिराणीत.

कुठे सापडला असेल? त्या बागेत एक जंगल केलंय. मगरी लाकडाच्या, माकडं कापडाची. आणि अहो, तिथे केळी लावल्यात, खऱ्या! बुंध्याशी काळ्या ठिबकच्या नळ्या. गोटू कुंपणाखालून सरपटत आत गेला आणि नळीला तोंड लावून बसला. तिथल्या माळ्याने त्याला उचलून आणला. रुपचंदरावांनी मागून माळ्याला गाठून विचारलं, तर हा हसत होता, रडत नव्हता म्हणे. बोट दाखवून काय म्हणत होता ते माळ्याने वेडंवाकडं म्हणून दाखवलं, 'नानाची केयी, नानाची केयी'. त्याला वाटलं आपण घरी आलो. आता एवढ्याशा पोराला कसं समजवायचं, की ही केळ आपली नाही?

पुढे त्या हरवलेल्या पोरांच्या खोलीत काय झालं ते मी लिहीत नाही. तुम्हीही लताला विचारू नका.

एकच विचारते. चिमी रमली. गोटू नाही रमत. येताना मी त्याला बरोबर आणला तर? वर्ष-दोन वर्षं आपल्याकडे राहील, समज आली की येईल परत. लताजवळ मी बोललेली नाही, तुम्हीही तिला कळवू नका. तुम्ही म्हणाल तसं करीन. तुमच्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

मंदा


॥ श्री ॥
लॉस एंजेलिसजवळ, ता. ४ जून १९९०

ती. स्व. नानांस लताचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र आज माझ्याच हाताने पेटीत टाकलं. आत काय आहे ते माहीत नाही. हे पत्र मी ऑफिसात बसून लिहिते आहे. आईला यातलं काही कळवू नका.

निनाद बागेत हरवला होता, हे तिने लिहिलंच असेल. पुढचं लिहिलं नसेल, म्हणून मी लिहिते.

हरवलेल्या मुलांची तिथे एक खोली आहे. मऊ गालिचा, भिंतींवर चित्रं, बिस्किटांचा डबा. निनाद कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यासमोर जमिनीवर खेळण्यांची रांग लागली होती. तिथली बाई मला सांगू लागली की हा मघापासून 'माय, माय' करतोय. इंग्रजीत माय म्हणजे माझं. ती बिचारी त्याला विचारत होती की तुझं काय, तुझी टोपी का, तुझा चेंडू का, आणि एकेक वस्तू त्याच्या हातात देत होती. तो ती घ्यायचा आणि खाली ठेवून द्यायचा.

मी गुडघे टेकून बसले आणि हात पसरले. तो धावत आला. नाना, तो माझ्याकडेच येतोय असं मला वाटलं. तो माझ्या हाताखालून निघून गेला आणि दारात उभ्या असलेल्या आईच्या पायांना बिलगला.

मग त्या बाईची पंचाईत झाली. मुलगा आईवडिलांच्याच ताब्यात द्यायचा असा नियम होता, आणि हे अजून जंगलाच्या टोकाला शोधत फिरत होते. तिने विचारलं की याची आई कोण. मी म्हटलं की मी. तिने निनादकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्या पिवळ्या बनियनकडे पाहिलं. तिने पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू आवाजात, जसं आजारी माणसाला विचारतात. मला त्यांची भाषा येते, नाना, तरी मी नुसती बनियनचं टोक ओढत राहिले.

आईला भाषा येत नाही, पण प्रश्न तिला कळला होता. तिने लुगड्यात रुतलेली निनादची बोटं सोडवली, त्याला उचलून माझ्या कडेवर दिलं, आणि माझ्याकडे हात करून त्या बाईला म्हणाली की माय ही. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान हलवली, नाही म्हणून. आणि निघून गेली. निनाद मला लाथा मारत होता, तिच्या नावाने ओरडत होता. बाहेर आले तर आई पाण्याच्या नळापाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेले नाही. जायला हवं होतं का?

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललेलो नाही. ती पोळ्या लाटते, मी ऑफिसला जाते. सकाळी वाटतं तिचे पाय धरावेत, संध्याकाळी तो तिच्या मांडीवर जेवताना दिसला की तिचा राग येतो. माझ्या सांगण्यावरून तिने माझी मुलं वाढवली, आणि मी तिचाच राग करते आहे. मी कशी मुलगी आहे, आणि कशी आई आहे, मला काहीच कळेनासं झालंय.

नाना, तिला परत बोलवून घ्या. तिकीट जुलैअखेरचं आहे, पण तुम्ही काहीतरी कारण काढा. तू जा, असं माझ्या तोंडून निघणार नाही. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची
लता


॥ श्री ॥
धुळे, ता. १९ जून १९९०

सौ. मंदाबाईस व चि. सौ. लतास, दोघींना शालिग्रामचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र दोघींनी शेजारी बसून वाचायचं आहे. एकीने आधी उघडलं असेल तर इथेच थांबा आणि दुसरीला हाक मारा.

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी, एकाच पोस्टमनने आणून दिली. मंदाबाई लिहिते की गोटूला घेऊन येते, लताला कळवू नका. लता लिहिते की आईला बोलवून घ्या, आईला कळवू नका. मी दोघींना वेगवेगळी पत्रं लिहायला बसलो, तर कोणाला काय लिहिलं आणि कोणापासून काय लपवलं, तेच माझ्या ध्यानात राहीना. फाडून टाकली. अख्खा जन्म वीजघरात काढला, पण एका तारेतून दोन्हीकडे करंट सोडायची विद्या काही मला येत नाही.

माझं म्हणाल तर मंदाचं पत्र वाचल्याबरोबर मी गोटूची गोधडी काढून उन्हात टाकली. कुंदाबाईंना ओरडून सांगितलं की गोटू येतोय. संध्याकाळी लताचं पत्र पुन्हा वाचलं आणि गोधडी आत नेली. सकाळी परत बाहेर. कुंदाबाईंनी कुंपणावरून विचारलं की भाऊ, तब्येत बरी आहे ना. तेव्हा मी धुळ्याची एस. टी. धरली आणि झुंबरअक्काकडे आलो. मंदा, तुझी थोरली बहीण आहे, तिला तरी काही सुचेल म्हणून.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता शहाणपणाचे चार शब्द सांगेल. तिने चिंधाची गोष्ट काढली. तिच्या दिराचा मुलगा, लहानपणी तिनेच वाढवलेला. मग आईबापाकडे गेला, रुसून परत अक्काकडे आला, मग पुन्हा गेला. आता चांगला कमावता आहे. दिवाळीला अक्काला लुगडं आणतो. पण अक्का म्हणाली की तहान लागली तर चिंधा माठाकडे जात नाही, पाणी मागतो. आणि तिची जाऊ सांगते की तो तिच्याकडेही मागूनच पितो. "दोनी घर पाव्हना शे तो," दोन्ही घरी पाहुणाच, एवढं म्हणून अक्का चुलीपुढे जाऊन बसली. मी माठातून पाणी घ्यायला उठलो आणि उठून तसाच उभा राहिलो.

तेव्हा माझं म्हणणं असं. मंदा, गोटूला आणू नको. हे लिहिताना मला सुख होतंय असं समजू नको. आणि लता, तुझी आई आधी येणार नाही. ती एकाएकी निघून आली तर पोराला वाटेल आपल्यामुळेच गेली. जुलैच्या तिकिटाने येईल. तोवर तो कसा जेवतो, कसा झोपतो, कशाला घाबरतो, ते सगळं तिच्याकडून शिकून घे. राग आला तर येऊ दे, शिकणं सोडू नको.

मंदा, तू त्या खोलीत जे केलंस ते मी वाचलं. मला तर नसतं जमलं. पण ते एकदा करून भागायचं नाही, रोज करावं लागेल.

आणि पुन्हा एकदा त्या बागेत जा. या वेळी मंदा घरी राहील. डोंगर नको, अस्वल नको. लता, तू त्याला घेऊन सरळ त्या केळीपाशी जा. तूही केळीतच वाढलीस की. पुढे काय बोलायचं ते तुला मी सांगायला नको.

अक्काचे दोघींना आशीर्वाद. माझ्यावर चिडाल ते एकत्र चिडा, आणि मग पत्र पाठवा.

शालिग्राम


॥ श्री ॥
लॉस एंजेलिसजवळ, ता. ९ जुलै १९९०

लताच्या नानांस मंदाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लताने मोठ्याने वाचलं. वाचता वाचता माझं गुपित तिच्याच तोंडून तिला कळलं, आणि तिचं मला. आधी आम्ही एकमेकींवर चिडलो. ती म्हणाली की तू माझं पोर नेणार होतीस. मी म्हटलं की तू मला घालवणार होतीस. मग दोघी मिळून तुमच्यावर चिडलो, ते बराच वेळ चाललं. चिमीने मध्येच येऊन दोघींच्या मांडीवर पाय पसरले. मग लताने चहा केला. पाणचट होता, तरी मी प्यायले.

तेव्हापासून तिला शिकवतेय. गोटूला भात कालवताना तूप आधी, वरण नंतर. झोपवताना पाठीवर थापटायचं नाही, केसांत बोटं फिरवायची. मी सांगते आणि खोलीबाहेर येऊन उभी राहते. आत तो रडतो. मी भिंतीला टेकून हात पदरात गुंडाळून घेते, म्हणजे ते आपणहून पुढे जात नाहीत. हे बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. तुम्ही रोज करायला सांगितलंत, म्हणून करते.

शनिवारी ते चौघे पुन्हा बागेत गेले. मी घरी होते. दिवसभर करायला काही नव्हतं. धुतलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या केल्या. फोन वाजला, उचलायचा धीर झाला नाही. कधी वाटे तो रडत असेल, कधी वाटे रडत नसेल. यातलं जास्त वाईट कोणतं, ते ठरवता येईना.

तिथे काय झालं ते लताने थोडं सांगितलं. ती त्याला कडेवर घेऊन कुंपणापाशी बसून राहिली. तो 'नानाची केयी' म्हणाला. ती म्हणाली की हो रे, माझ्याही नानाची. त्याला ते खरं वाटेना. मग तिने सांगितलं की लहानपणी ती केळीच्या पानावर बसायची आणि तुम्ही तिला बांधावरून ओढत न्यायचात. वाळलेलं पान कसं वाजतं ते तोंडाने करून दाखवलं. त्याने पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा. रुपचंदराव चिमीला घेऊन त्या आगगाडीत बसून आले, तरी ही दोघं तिथेच. मोठी माणसं थांबून बघत होती म्हणे. लताने त्याला गोटूच म्हटलं, दिवसभर. तिच्या तोंडात ते अजून नीट बसत नाही, आधी 'नि' निघतं, मग 'गोटू' येतं. पण तो वळतो.

मी ठरल्या तारखेला निघते. मुंबईहून जळगावच्या गाडीत रुपचंदरावांचे मित्र बसवून देणार आहेत. स्टेशनवर या. एकटे या, कुंदाबाईंना आणू नका, मला आधी थोडं गप्प बसायचं असेल.

आता शनिवारचंच शेवटचं सांगते. संध्याकाळी दार मीच उघडलं. गोटू लताच्या कडेवर होता, अंगाला मातीचा वास. तिने त्याला खाली ठेवलं. त्याच्या बुटाचा बंद सुटला होता, तो बघून त्याने मागे वळून तिला हाक मारली, 'माय'. लता जिथे होती तिथेच खाली बसली आणि बंद बांधायला लागली, पण तिला तो दिसत नव्हता, सारखा हातातून सुटत होता. रुपचंदराव खिशात किल्ली शोधत राहिले, दार तर उघडंच होतं. बंद बांधून झाला तसा गोटू माझ्यापाशी आला. मी हात पुढे केला नाही. त्याने माझ्या लुगड्याचं टोक ओढलं आणि म्हणाला, "आजी, भूक."

त्याने हाक कोणाला मारली ते मला कळलंच नाही. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी ओ दिली.

त्याला भात लताने भरवला. लोभ आहे तो आता तुमच्यामाझ्यात पुरवून खाऊ.

मंदा